ग्राहकाच्या शब्दांत

गुरुवार, १३ नोव्हेंबर २०१४. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी माझ्या लॅपटॉपमधून धूर आला.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नगरपालिकेच्या सभेची बातमी लिहीत होतो. आधी वास आला, नेलपॉलिशसारखा गोड आणि उग्र. मग कीबोर्डच्या डाव्या कडेतून धुराची बारीक करडी रेघ वर आली आणि स्क्रीन काळा झाला. मी चार्जर ओढून काढला. लॅपटॉप उचलला तेव्हा खालची बाजू तव्यासारखी तापली होती आणि मधोमध फुगून आली होती. मागच्या अंगणात नेऊन मी तो फरशीवर ठेवला. पाणी ओतायचं की नाही, हे मला माहीत नव्हतं. ओतलं नाही. पाच मिनिटांनी धूर थांबला, पण आतून मोहरी तडतडावी तसा आवाज येतच राहिला.

मी तेव्हा कराडला एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. वेळा लिहून ठेवायची सवय होती, म्हणून त्या तीन दिवसांच्या वेळा अजून वहीत आहेत.

दहा वाजून वीस मिनिटांनी मी वृंदाला फोन केला. माझी बायको कराडपासून नऊ किलोमीटरवरच्या एका गावात हायस्कूलमध्ये शिकवत असे. दुसऱ्यांदा केला तेव्हा तिने उचलला.

"अहो, वर्गात आहे मी."

"लॅपटॉपमधून धूर आला. बॅटरी फुगलीय. मी ठीक आहे."

मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"वृंदा?"

"आमच्या खोलीत सोळा आहेत," ती म्हणाली.

जून महिन्यात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला सोळा लॅपटॉप दिले होते. खरेदी वृंदाच्या हातून झाली. एकदम जास्त घेतले की भाव कमी लागतो, म्हणून तिने आमच्या घरासाठी एक त्यातच धरला. सतरा खोकी कोल्हापूरहून एका टेम्पोतून आली. सतरांचे क्रमांक ओळीने होते. आमचा सतरावा.

"आज कुणी वापरतंय का?" मी विचारलं.

"आज नाही. सोमवारी परीक्षा आहे."

जिल्ह्याची संगणक परीक्षा. केंद्र मिळावं म्हणून शाळेने तीन वर्षं अर्ज केले होते. सोमवारी सकाळी नऊपासून सातवीची अठ्ठेचाळीस मुलं सोळा-सोळाच्या तीन तुकड्यांत बसणार होती. संगणकाची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. दार एक, तेही आत उघडणारं. खिडक्यांना गज.

कंपनीच्या मदत क्रमांकावरच्या बाईंनी सांगितलं की यंत्र आहे तसं कोल्हापूरच्या सेवा केंद्रात जमा करा, उघडलंत तर वॉरंटी जाईल. मी पिठाचा स्टीलचा डबा रिकामा केला, शेजारच्या बांधकामावरून वाळू आणली आणि लॅपटॉप त्यात पुरला. झाकण लावलं नाही, वरून टॉवेल टाकला. डबा मांडीवर घेऊन दुपारच्या एसटीत बसलो.

"काय हाय त्यात?" कंडक्टरने विचारलं.

"वाळू."

"वाळू? कोल्हापूरला वाळू घेऊन चाललाय? पंचगंगा आटली का काय?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. गाडीत पन्नासएक माणसं होती. शेजारी एक बाई नातवाला घेऊन बसली होती आणि तो नातू डब्यावर बोटांनी ढोलकी वाजवत होता. वाळूखाली काय आहे ते मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कंडक्टरने मला रस्त्यावर उतरवलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. कोल्हापूर येईपर्यंत मी तळहात डब्याला लावून होतो. डबा पेठ नाक्यापर्यंत कोमट होता. पुढे थंड झाला.

सेवा केंद्रात काउंटरवर प्रज्ञा चौगुले नावाची मुलगी होती. तिने डबा पाहिला आणि पुढच्या दोघांना बाजूला करून मला आत घेतलं. लॅपटॉप चिमट्याने काढून मागे नेला. मग संगणकावर माझी तक्रार नोंदवायला बसली.

"काय झालं, सांगा सर. इथे ग्राहकाच्या शब्दांतच लिहायचं असतं."

"काम करता करता एकदम बसला. मग बघतो तर धूर."

तिने टाइप केलं, छापून काढलं, मी सही केली. घाईत होतो. सहा वाजता बातमी पाठवायची होती आणि माझ्याकडे लिहायला लॅपटॉप नव्हता.

शुक्रवारी बालदिन होता. दुपारी वृंदाने शाळेतून फोन केला.

"मी सोळाही काढून बाकावर ठेवले," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "बारा सपाट बसतात. चार बसत नाहीत. बोट लावलं की भोवऱ्यासारखे गरगर फिरतात."

"त्या चारांना हात लावू नकोस."

"आणि बाराचं काय? आपलाही परवापर्यंत सपाटच होता की."

हे खरं होतं. बुधवारी रात्री तो लॅपटॉप मी पोटावर ठेवून क्रिकेट पाहिलं होतं.

मी शाळेत गेलो. लोहार सर, मुख्याध्यापक, सज्जन माणूस. त्यांनी चारही लॅपटॉप फिरवून पाहिले. चौथा फिरायचा थांबेपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले.

"थोरबोले, हे चार मी बाजूला ठेवतो. पण बाकीचे बंद ठेवायचे तर परीक्षा रद्द. केंद्र जाणार. पुन्हा तीन वर्षं मिळायचं नाही. संस्थेला काय सांगू? मॅडमच्या मिस्टरांचा लॅपटॉप जळाला म्हणून?"

"सर, एकाच खेपेचे आहेत."

"मान्य. मग कंपनीचा कागद आणा. एक ओळ पुरे. या खेपेत दोष आहे, वापरू नका. एवढं आणा, मी त्याच क्षणी खोलीला कुलूप लावतो. तुम्ही तुमच्या पेपरात छापून आणलंत तरी चालेल. पण काहीतरी हातात द्या."

वृंदा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "सर, सोमवारी त्या खोलीत मी असणार आहे. काही झालं तर दाराशी मी उभी राहीन. पण दार आत उघडतं."



शनिवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कंपनीचा मेल आला. इंग्रजीत होता. दुरुस्ती नाकारली होती. कारणाचं मराठी साधारण असं: यंत्रावर बाहेरून दाब पडल्याने नुकसान झाले असून ते ग्राहकाच्या कृतीमुळे झाले आहे, असे ग्राहकाच्या स्वतःच्या निवेदनावरून दिसते. सबब वॉरंटी लागू नाही. यंत्रात कोणताही निर्मितिदोष आढळलेला नाही.

वृंदाने तो दोनदा वाचला.

"दाब? तुम्ही काय सांगितलंत तिथे?"

"धूर आला म्हणून सांगितलं."

"नीट आठवा."

"धूर आला म्हणूनच सांगितलं, वृंदा."

शेवटचं वाक्य आम्हा दोघांनाही दिसत होतं. लोहार सरांना 'दोष आहे' असा कागद हवा होता. आमच्या हातात 'दोष नाही' असा कागद आला होता.

पावणेबाराला मी काउंटरवर होतो. प्रज्ञाने मला ओळखलं आणि आत जाऊन व्यवस्थापकांना घेऊन आली. त्यांचं नाव हुक्केरी, निपाणीकडचे. जाड चष्मा, हातात चहाचा कप. त्यांनी माझी नोंद उघडली आणि स्क्रीनकडे बघत विचारलं, "थोरबोले साहेब, राग मानू नका हं. वजन किती तुमचं?"

"ब्याण्णव. का?"

"मग हेड ऑफिसला पटलं असणार," असं म्हणून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

डाव्या चौकटीत मराठी मजकूर होता: 'काम करता करता एकदम बसला. मग बघतो तर धूर.' उजव्या चौकटीत हेड ऑफिसने केलेलं त्याचं इंग्रजी. त्याचा अर्थ होता: ग्राहक काम करताना अचानक यंत्रावर बसला, त्यानंतर धूर निघाला.

मी ते तीनदा वाचलं.

"अहो, बसला म्हणजे बंद पडला. लॅपटॉप बसला. मी नाही बसलो."

"मला कळतंय की," हुक्केरी म्हणाले. "आमच्याकडे मोटर बसते, गिरणी बसते, निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांचे घसे बसतात. पण बंगळूरच्या हेड ऑफिसला कसं कळणार? वाक्यात लॅपटॉप कुठं आहे? नुसतंच 'बसला'. कोण बसला?"

"मी लिहिलं ते यांनीच सांगितलेलं, सर," प्रज्ञा म्हणाली. ती घाबरली होती. "एक शब्द इकडचा तिकडे केला नाही."

तिने केला नव्हताच. वाक्य माझं होतं आणि खाली सही माझी होती. एकवीस वर्षं मी लोकांच्या बातम्यांत कर्ता शोधत आलो होतो. नव्या वार्ताहराने कर्ता गाळला की कागद परत करत होतो.

"सुधारून घ्या," मी म्हणालो. "आणि माझ्या एकट्याचा प्रश्न नाही. याच खेपेचे सोळा एका शाळेत आहेत. चार फुगलेत. सोमवारी नऊ वाजता मुलं परीक्षेला बसणार आहेत त्यांच्यासमोर."

हुक्केरींनी कप खाली ठेवला.

"सोळा?"

"सोळा."

त्यांनी बंगळूरला फोन लावला आणि कन्नडमध्ये बोलायला लागले. मला कन्नड येत नाही. मधूनच माझा 'बसला' ऐकू यायचा. पलीकडचा माणूस मोठ्याने हसला, हुक्केरीही हसले. मग त्यांनी शाळा म्हटलं, सोळा म्हटलं, आणि पलीकडचं हसणं थांबलं. त्यानंतर हुक्केरी बराच वेळ नुसते हूं हूं करत होते. एकदा त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "धंदा काय आपला?"

"पत्रकार आहे."

त्यांनी तेही पलीकडे सांगितलं. मग फोन घेऊन आतल्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर येऊन आमच्या डेस्कला फोन केला. वृत्तसंपादक परांजपे शनिवारी दुपारीच रविवारची पानं लावत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुसरी घटना आहे का? नावासकट?"

"शाळेतले चार फुगलेत."

"फुगलेत, जळाले नाहीत. मुख्याध्यापक नावानिशी बोलतील?"

"नाही."

"कंपनीची बाजू?"

"कंपनी म्हणते मी त्याच्यावर बसलो."

ते हसले नाहीत. "अविनाश, तुझ्याच घरची तक्रार, तुझ्याच बायकोची शाळा. असं मी उद्या लावू शकत नाही. दुसरा माणूस आण. मंगळवारच्या अंकात बघू."

ते बरोबर बोलत होते. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. मंगळवारी परीक्षा होऊन गेलेली असणार होती.

एक वाजून दहा मिनिटांनी हुक्केरींनी मला आत बोलावलं.

"नोंद दुरुस्त होईल," ते म्हणाले. "पण मग ती सुरक्षेच्या खात्यात जाते. तपासणीला चौदा दिवस लागतात. तोपर्यंत कंपनी लेखी काही देणार नाही."

"माझ्याकडे दोन दिवस आहेत."

"म्हणून दुसरा मार्ग सांगतो. सौजन्य म्हणून बदली. तुमचा आणि शाळेचे सोळा. उद्या सकाळी गाडी कराडला येईल, जुने घेऊन जाईल, दुसऱ्या मॉडेलचे नवे देऊन जाईल. सोमवारी परीक्षा नव्यांवर. मुख्याध्यापकांना तसं कळवा."

मी वहीत 'रविवार सकाळ, सतरा' असं लिहून घेतलं.

"बदल्यात?"

"एक सही."

कागद मेलवरून आला. प्रज्ञाने छापून आणून दिला. दोन पानं होती. यंत्रात दोष असल्याचे कंपनी मान्य करत नाही. ग्राहकाची तक्रार उरलेली नाही. सदर घटनेविषयी ग्राहक कोठेही, कोणत्याही माध्यमातून, तोंडी अथवा लेखी वाच्यता करणार नाही.

मी वेळ बघितली. हुक्केरींनी फोन ठेवून बारा मिनिटं झाली होती. इतका बांधीव मजकूर बारा मिनिटांत तयार होत नाही, हे मला माझ्या कामामुळे माहीत होतं. नाव, गाव आणि यंत्रांची संख्या, एवढ्याच जागा वेगळ्या अक्षरात भरलेल्या होत्या. बाकीचा कागद आधीच लिहून ठेवलेला होता.

ओळखपत्राची झेरॉक्स काढायला प्रज्ञा मला बाहेरच्या यंत्राशी घेऊन गेली. यंत्र घरघरत असताना मी तिला विचारलं, "असे आणखी आले होते?"

तिने केबिनकडे पाहिलं.

"मला आई आहे, काका. नोकरी आहे."

"नाव नको. आकडा सांग."

"तुमच्याआधी अकरा."

"सगळ्यांनी सही केली?"

"केली. नवीन मिळतोय म्हटल्यावर कोण सोडतंय?"

"आणि एकूण विकले गेले किती? या मॉडेलचे?"

तिने झेरॉक्स उचलली, नीट सरळ केली. "कोल्हापूर, सांगली, सातारा धरून तीनशे चाळीस."

"एकाचा तरी पत्ता दे. आजच दे. साडेसहाच्या आत मिळाला तर उद्याच्या अंकात लागेल."

"मी नाही देऊ शकत. आणि तुम्ही मागू नका."

मी केबिनमध्ये परत गेलो. हुक्केरींनी टेबलावर पेन काढून ठेवलं होतं. तेवढ्यात परीक्षेच्या तयारीसाठी शाळेत गेलेल्या वृंदाचा फोन आला.

"अहो, काय झालं? पाचवा पण फिरायला लागला. लोहार सरांना दाखवला, ते म्हणाले अकरा तर आहेत, पाच तुकड्या करू. कागद मिळाला का?"

"मिळतोय."

"काय लिहिलंय?"

"उद्या नवीन येतील. सगळे."

ती रडायला लागली. बावीस वर्षांच्या संसारात मी तिला रडताना फार वेळा ऐकलं नव्हतं. "देवच पावला," ती म्हणत होती. "मी आत्ता सरांना सांगते."

मला अकरा जण आठवत होते आणि तीनशे चाळीस हा आकडा आठवत होता. हुक्केरींना मी एवढंच विचारलं, "बाकीच्यांना कोण सांगणार?"

"कोण बाकीचे?" ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "साहेब, तुमची मुलं वाचली ना? मला पण दोन आहेत. सही करा."

एक वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी मी सही केली. दोन्ही पानांवर.

रविवारी गाडी आली. दोन माणसांनी जुने लॅपटॉप लोखंडी पेट्यांत भरले. एकेक पेटीत एकेकच ठेवत होते आणि हातात जाड मोजे होते. लोहार सरांनी ते मोजे पाहिले. सोमवारी परीक्षा पार पडली. अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस मुलं पास झाली. वृंदा दिवसभर दाराशी उभी होती, गरज नसताना.

नव्या लॅपटॉपवर मी पुढची चार वर्षं बातम्या लिहिल्या. पहिल्या महिन्यात तीन वेळा हा विषय लिहायला घेतला आणि पुसला. वचन मोडलं तर शाळेचे लॅपटॉप परत घेतले जातील, असं कागदावर कुठेही नव्हतं. घेतले जातील, असं मीच स्वतःला सांगत होतो. जानेवारीत कोल्हापूरला गेलो तेव्हा काउंटरवर दुसरी मुलगी होती. प्रज्ञा सोडून गेली, एवढंच तिला माहीत होतं. कागदाविषयी मी वृंदाला सांगितलं ते २०१९मध्ये. ती म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंत तरी मी सही करा असंच म्हटलं असतं." त्यानंतर आम्ही त्याविषयी बोललो नाही.

८ मार्च २०१७ रोजी आमच्याच दैनिकाच्या सांगली पानावर तळाशी पाच ओळींची बातमी होती. मिरज तालुक्यातल्या एका घरात पहाटे लॅपटॉपने पेट घेतला. शेजारी झोपलेली एकोणीस वर्षांची तरुणी गंभीर भाजली. मॉडेल लिहिलेलं नव्हतं. मी तिथल्या वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, लॅपटॉपचा कोळसा झाला होता, नाव-नंबर काय वाचणार.

चार दिवसांनी मी मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये गेलो. मुलीला पुण्याला हलवलं होतं. तिचे काका बिलाच्या कागदपत्रांसाठी मागे राहिले होते. मी पत्रकार म्हणून ओळख दिली आणि लॅपटॉप कोणता होता ते विचारलं. त्यांना कंपनी सांगता आली नाही. काळा होता, म्हणाले. जुनाच होता, दोन-तीन वर्षांपूर्वीचा.

"कुठून घेतला होता?"

"ते पक्कं आठवतंय," ते म्हणाले. "कोल्हापूरहून. मीच गेलो होतो आणायला."